नव्वद टक्क्यांचे वजन

१. मुलं हुशार झाली की मार्क स्वस्त झाले?

दहावीचा निकाल लागला की एक प्रश्न वाशीमच्या पाटणी चौकात ऐकू येतो, रिसोडच्या बाजारात ऐकू येतो आणि मानोऱ्याच्या एस.टी. स्टँडवरही ऐकू येतो. आजोबा म्हणतात, ‘आमच्या वेळी साठ टक्के पडले की गावभर पेढे वाटत. आता नव्वद पडले तरी पोरगं तोंड पाडून बसतं. पोरं हुशार झाली की मार्क स्वस्त झाले?’

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे. पण दोन्हींपैकी कोणते किती, हे कळण्यासाठी आधी गुण म्हणजे काय, ते कसे वाढतात आणि कशाशी ताडून पाहायचे, हे एकेक करून समजून घ्यावे लागते. वाशीमसारख्या जिल्ह्यात तर ते फारच गरजेचे आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने विकासात मागे राहिलेले ‘आकांक्षित जिल्हे’ निवडले तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद यांच्यासोबत वाशीमचे नाव होते. इथल्या हजारो घरांत दहावीला पोहोचलेले मूल हे त्या घरातले पहिलेच असते. ज्याच्या बापाची कुठे ओळख नाही, ज्याला इंग्रजीत मुलाखत देता येत नाही, त्या मुलाजवळ स्वतःविषयी सांगायला एकच कागद असतो, गुणपत्रिका. त्या कागदाची किंमत कमी झाली तर सर्वांत आधी नुकसान त्याचे होते.

२. एक आकडा, दोन कामे

गुण दोन वेगळी कामे करतात आणि आपण ती नेहमी एकत्र करून टाकतो.

पहिले काम साक्ष देण्याचे. या मुलाला दहावीपुरते गणित येते, मराठीतला उतारा वाचून समजतो, एवढे सांगायचे. इथे शेजारच्या मुलाला किती पडले याचा काही संबंध नाही. वर्गातल्या सगळ्यांना येत असेल तर सगळे पास व्हावेत, त्यात वावगे काही नाही.

दुसरे काम निवडीचे. जागा ऐंशी आणि अर्ज आठशे असतील तर कोणाला घ्यायचे, हे ठरवायचे. इथे स्वतःच्या गुणांइतकेच महत्त्व इतरांच्या गुणांना असते, कारण प्रश्न क्रमाचा असतो.

दहावीची परीक्षा मुळात पहिल्या कामाची. तिच्या प्रमाणपत्रावर ‘उत्तीर्ण’ हा शब्द म्हणूनच असतो. पण अकरावी, पॉलिटेक्निक, आयटीआय अशा सगळ्या रांगा याच गुणांवर लागतात, म्हणजे दुसरे कामही तिच्याच गळ्यात पडते. निकालाबद्दलची निम्मी भांडणे इथून सुरू होतात. पास होणारी मुले वाढली तर पहिल्या कामाच्या दृष्टीने ती आनंदाची बातमी असू शकते. पण सगळ्यांचे गुण वरच्या टोकाला येऊन दाटले की दुसरे काम अडते.

३. गुणफुगवटा म्हणजे नेमके काय

मुलांना जेवढे येते तेवढेच येत राहिले आणि गुण मात्र वाढले, तर त्या वाढीला गुणफुगवटा म्हणायचे. मुलांना जास्त येऊ लागले म्हणून गुण वाढले, तर तो फुगवटा नव्हे.

हा भेद सोडून बोलणारे फार आहेत, म्हणून तो पुन्हा सांगतो. गेल्या चाळीस वर्षांत गावोगावी माध्यमिक शाळा झाल्या, मुलींसाठी सायकली आणि एस.टी.चे पास आले, पाठ्यपुस्तके मोफत मिळू लागली, प्रश्नपत्रिका घोकंपट्टीकडून कृतिपत्रिकेकडे वळल्या. यामुळे जे गुण वाढले ते मुलांनी कमावलेले आहेत. आजोबांच्या वेळी साठ टक्के दुर्मीळ होते त्यामागे पेपर तपासण्यातला हात आखडता असणे हेही एक कारण होतेच. मराठीच्या निबंधाला पूर्ण गुण द्यायचेच नाहीत, असा अनेक शिक्षकांचा तेव्हा जणू नेम होता.

फुगवट्याने खरे नुकसान कसे होते ते एका छोट्या उदाहरणात पाहू. एका वर्गात पाच मुले आहेत आणि त्यांना ४८, ५८, ६६, ७५ आणि ८४ असे गुण मिळाले. पहिल्या आणि शेवटच्या मुलात ३६ गुणांचे अंतर आहे. आता त्याच मुलांना सैल हाताने तपासले आणि गुण ७८, ८४, ८८, ९२, ९५ असे झाले. क्रम बदलला नाही, पण अंतर १७ वर आले. शंभराच्या वर कोणालाच जाता येत नाही, त्यामुळे गुण वाढवत गेले की मुले वरच्या बाजूला दाटत जातात. आता एखाद्या मुलाला पेपरच्या दिवशी ताप आला आणि चार गुण गेले, तर पहिल्या स्थितीत त्याचा क्रम बदलत नाही. दुसऱ्या स्थितीत ८८ चे ८४ होतात आणि तो खालच्या मुलाच्या बरोबरीला येतो. म्हणजे मुलाच्या तयारीपेक्षा त्या दिवशीच्या नशिबाला जास्त वजन येते.

४. गुण वाढतात कुठून?

‘बोर्डाने मार्क वाटले’ असे आपण सहज म्हणतो, पण कोणी एका ठिकाणी बसून गुण वाटत नसते. ते चार-पाच वाटांनी थोडे थोडे येतात.

सर्वांत मोठी वाट अंतर्गत मूल्यमापनाची. दहावीत भाषेच्या विषयाला ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व अंतर्गत. हे २० गुण शाळाच देते. कल्पना चांगली आहे, कारण बोलणे, वाचून दाखवणे, प्रकल्प करणे हे तीन तासांच्या पेपरात मोजता येत नाही. पण उत्तीर्ण होण्यासाठी दोन्ही मिळून १०० पैकी ३५ लागतात. आता हिशेब करा. शाळेने २० पैकी १८ दिले तर मुलाला लेखी पेपरात ८० पैकी फक्त १७ मिळवायचे उरतात, म्हणजे साधारण २१ टक्के. ३५ टक्क्यांची रेषा कागदावर तशीच राहते आणि प्रत्यक्षात ती २१ वर आलेली असते.

शाळा १८ का देते? यात मला शिक्षकांना दोष द्यावासा वाटत नाही. शाळेचा निकाल वर्तमानपत्रात छापून येतो, फलकावर लागतो. निकाल पडला की पालक मुले दुसऱ्या शाळेत नेतात. पटसंख्या घटली की संचमान्यतेत शिक्षकाचे पद कमी होते आणि तो शिक्षक अतिरिक्त ठरतो. वर्गात आठ महिने समोर बसलेल्या, घरची परिस्थिती ठाऊक असलेल्या पोराला २० पैकी ९ देऊन त्याचे वर्ष घालवायला कोणाचा हात धजावेल? ज्याच्या हातात मोजणे आहे त्याचेच हित मोजमापात अडकले, की मोजमाप वर सरकते. माणसे वाईट असण्याची गरज नसते.

दुसरी वाट ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची. २०१० मध्ये राज्याने हे सूत्र आणले, मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी पुन्हा मान्य केले. सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच धरायचे, असे हे सूत्र. एका मुलीला ९०, ८८, ८६, ८४, ८२ आणि गणितात ४५ पडले. सहा विषयांची बेरीज ४७५, टक्केवारी ७९.१७. उत्तम पाच धरले की ४३०, टक्केवारी ८६. तिच्या ज्ञानात काहीच भर पडली नाही आणि टक्केवारी जवळजवळ सात अंकांनी वाढली. इतर मंडळांच्या मुलांना असा लाभ मिळत असताना आपल्याच मुलांना तो नाकारायचा का, हा राज्याचा युक्तिवाद होता आणि तो खोटा नव्हता. पण सूत्राचा परिणाम आहे तो आहे.

याशिवाय खेळाचे, चित्रकलेचे, लोककलेचे वाढीव गुण असतात. दरवर्षी शंभर टक्के मिळवणाऱ्यांच्या संख्येत या गुणांचा वाटा असतो. २०१८ मध्ये राज्यात १२५ मुलांना शंभर टक्के होते, २०२५ मध्ये २११ मुलांना. खेळाडूला सवलत मिळावी, पण ती गणिताच्या आणि इतिहासाच्या टक्केवारीत मिसळली की वाचणाऱ्याला काहीच उमगत नाही.

मंडळा-मंडळांतली चढाओढ ही आणखी एक वाट. ‘मॉडरेशन’ म्हणजे पेपर अवघड गेला तर सर्वांचे गुण थोडे वाढवून मागच्या वर्षाच्या पातळीशी मिळते करणे. ते रास्त कारणासाठी सुरू झाले आणि पुढे गुण फुगवण्याचे साधन बनले. एप्रिल २०१७ मध्ये सीबीएसईसह बत्तीस मंडळांनी हे थांबवायचे ठरवले. महिन्याभरात दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वर्षापुरते ते चालू ठेवायला सांगितले, कारण परीक्षा होऊन गेल्यावर नियम बदलता येत नाही. एका मंडळाने एकट्याने कडक व्हायचे म्हटले तर काय होते, हे दोनच वर्षांत आपल्याकडे दिसले.

कॉपीचे काय? तो फुगवटा नव्हे, ती चोरी. पण परिणाम गुणांवरच होतो. ३ मार्च २०२३ रोजी शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात, बारावीच्या गणिताच्या पेपरची पाने परीक्षेआधीच मोबाइलवर फिरली आणि त्या प्रकरणात शिक्षकांनाही अटक झाली. पेपर लवकर बाहेर येऊ नये म्हणून त्याच वर्षी मंडळाने आधी दहा मिनिटे प्रश्नपत्रिका वाचायला देण्याची सवलत काढून ती दहा मिनिटे शेवटी दिली. २०१० च्या सुमारास नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम कडकपणे राबवली तेव्हा तिथल्या निकालाचे आकडे कोसळले. मुले एका वर्षात मठ्ठ झाली नव्हती. आधीचे आकडे त्यांचे नव्हते, एवढेच त्यातून कळले.

५. दोन वर्षे, दोन प्रयोग

ठरवूनही करता आले नसते असे दोन प्रयोग महाराष्ट्रात आपोआप घडले.

पहिला २०१९ चा. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले आणि पेपर पूर्ण शंभराचा झाला. आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला, म्हणजे एका वर्षात १२ अंकांहून अधिक घट. शंभर टक्के मिळवणारे १२५ वरून २० झाले आणि त्या वीसपैकी सोळा एकट्या लातूर विभागाचे होते. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदललेला होता, म्हणून सगळी घट अंतर्गत गुण गेल्यामुळेच झाली असे म्हणणे बरोबर नाही. पण त्या वीस गुणांवर किती डोलारा उभा होता याचा अंदाज येतो.

पुढे काय झाले ते जास्त बोलके आहे. सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांचे अंतर्गत गुण कायम होते. अकरावीच्या रांगेत राज्य मंडळाची मुले मागे पडली. पालक संतापले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारने ८०-२० ची पद्धत परत आणली. २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के. आपण एकट्यानेच गुण कडक केले तर आपलीच मुले बुडतात, हा धडा सगळ्यांनी घेतला.

दुसरा प्रयोग २०२१ चा. कोरोनामुळे लेखी परीक्षा झालीच नाही. नववीच्या निकालावरून ५० गुण, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामावरून ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, असे सूत्र ठरले. सगळे आकडे शाळांनी भरले. निकाल ९९.९५ टक्के, आणि ९५७ मुलांना शंभरपैकी शंभर. त्या वर्षी मुले महिनोन्‌महिने शाळेत गेली नव्हती. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर एका घरात एकच मोबाइल, तोही बापाबरोबर शेतात, अशी स्थिती होती. महाराष्ट्रातल्या मुलांचे सर्वांत कमी शिकणे ज्या वर्षी झाले, त्याच वर्षी सर्वांत जास्त गुण पडले. त्या परिस्थितीत दुसरा कोणताही उपाय नव्हता आणि नापास करणे क्रूर ठरले असते, हे मला मान्य आहे. तरीही गुण आणि शिकणे यांची फारकत किती होऊ शकते, हे त्या आकड्याइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही.

सरकारलाही ते दिसत होते, म्हणून अकरावीसाठी २१ ऑगस्ट २०२१ रोजी शंभर गुणांची ऐच्छिक सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, घ्यायचे ठरले. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होती, म्हणून आयसीएसईच्या एका विद्यार्थिनीने आव्हान दिले आणि मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला ती रद्द केली. कोणत्या अभ्यासक्रमावर मोजायचे, हा प्रश्न मोजण्याइतकाच मोठा असतो.

६. इंग्लंडने काय केले

हाच पेच त्याच काळात इंग्लंडसमोर होता. २०१९ मध्ये तिथल्या ए-लेव्हल, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीच्या, परीक्षेत वरच्या दोन श्रेणींचे निकाल २५ टक्क्यांच्या आसपास होते. २०२० मध्ये परीक्षा झाली नाही. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी फुगलेल्या असणार हे गृहीत धरून सरकारी यंत्रणेने एका गणिती सूत्राने त्यातल्या ३९ टक्के खाली आणल्या. त्या सूत्रात शाळेचा पूर्वीचा निकाल धरला होता, त्यामुळे सामान्य वस्तीतल्या शाळेच्या हुशार मुलाला आपल्या शाळेच्या इतिहासाची शिक्षा मिळाली. मुले रस्त्यावर आली आणि चार दिवसांत सरकारने माघार घेतली. वरच्या श्रेणी २०२० मध्ये ३८ टक्क्यांवर आणि २०२१ मध्ये ४४ टक्क्यांवर गेल्या.

पण इंग्लंडने पुढे एक गोष्ट केली जी आपण केली नाही. परीक्षा पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी जाहीर केले की गुण दोन टप्प्यांत पूर्वपदावर आणायचे. २०२२ मध्ये वरच्या श्रेणी ३६ टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये २७ टक्क्यांवर आल्या. आधी सांगून, सगळ्या मंडळांनी एकदम, पायरीपायरीने. आपला दहावीचा निकाल २०२२ मध्ये ९६.९४, २०२३ मध्ये ९३.८३, २०२४ मध्ये ९५.८१ आणि २०२५ मध्ये ९४.१० टक्के लागला. २०१९ च्या जवळपासही तो परत गेला नाही.

७. सर्वांना एकच काटा

कारंजाच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्यांनी आपापल्या घरच्या काट्यावर केलेले वजन सांगितले आणि व्यापाऱ्याने त्यावर पैसे दिले, असे कधी होत नाही. घरचा काटा खोटाच असतो असे नाही, पण दुसऱ्याच्या काट्याशी तो जुळतो याची खात्री कोणी द्यायची? म्हणून समितीचा काटा, त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का, आणि पोते कोणाचेही असो, वजन तिथेच. प्रमाणित चाचणीत हेच असते. सर्वांना तोच पेपर किंवा तेवढ्याच अवघडपणाचा पेपर, तेवढाच वेळ, तीच उत्तरसूची, आणि तपासणाऱ्याला मुलाचे नाव-गाव माहीत नसणे.

या व्याख्येने पाहिले तर दहावीचा लेखी पेपर हीसुद्धा प्रमाणित चाचणीच आहे. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बारकोड असतो, ती दुसऱ्या शाळेतला शिक्षक तपासतो आणि नियामक त्यावर पुन्हा नजर टाकतो. सगळा सैलपणा शिरतो तो काट्याच्या बाहेर मिळवलेल्या गुणांमधून आणि काट्याभोवतीच्या कॉपीतून.

असा काटा कोणाच्या बाजूने असतो? आपल्याकडे समज असा की परीक्षा म्हणजे गरिबावर अन्याय. वाशीमचे जवाहर नवोदय विद्यालय त्याला उत्तर आहे. सहावीच्या ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी, दोन तासांत ८० प्रश्न. निम्मे गुण बुद्धिमत्तेला आणि उरलेले अंकगणित व भाषेला सारखे. मालेगाव तालुक्यातल्या एकशिक्षकी शाळेतले पोर आणि वाशीममधल्या डॉक्टरांचे पोर एकाच पेपरला बसतात. त्याच्या गुरुजींनी त्याला किती चांगले म्हटले, हे तिथे कोणी विचारत नाही, आणि त्या पोराच्या दृष्टीने ते बरेच आहे, कारण त्याच्या गुरुजींचे शब्द तालुक्याबाहेर कोणाला ठाऊक नाहीत. आठवीतल्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेतही तसेच. तिथे निवड झाली तर बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि कितीतरी मुलींची शाळा त्या पैशांवर टिकते.

अमेरिकेतही हाच अनुभव आला. कोरोनाकाळात अनेक विद्यापीठांनी प्रवेशासाठी एसएटी या प्रमाणित परीक्षेचे गुण ऐच्छिक केले. गरीब घरच्या मुलांना मदत होईल असा हेतू होता. पण डार्टमथ या नामांकित महाविद्यालयाला अभ्यासात आढळले की गरीब मुले आपले गुण कमी समजून लपवत होती, आणि तेच गुण त्यांच्या शाळेची स्थिती पाहता त्यांना प्रवेश मिळवून देऊ शकले असते. एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथने २०२४ मध्ये ही परीक्षा पुन्हा सक्तीची केली. चाचणी नसली की शिफारसपत्रे, छंद, परदेशी शिबिरे यांना वजन येते आणि ती कोणाकडे असतात हे सांगायला नको.

८. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

इथे एक संकल्पना स्पष्ट करायला हवी, कारण एमएचटी-सीईटीच्या निकालानंतर घराघरांत तिच्यावरून गैरसमज होतो. ‘९५ पर्सेंटाइल’ म्हणजे शंभरातले ९५ गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभर मुलांपैकी ९५ जणांचे गुण तुमच्याएवढे किंवा तुमच्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

सीईटी अनेक दिवस आणि अनेक सत्रांत होते. समजा सकाळच्या सत्राचा पेपर अवघड होता आणि तिथे २०० पैकी १२० गुण मिळवणाऱ्या मुलीच्या बरोबरीने किंवा मागे ९५ टक्के मुले आहेत. दुपारचा पेपर सोपा होता आणि तिथे तेवढीच मुले मागे टाकायला दुसऱ्या मुलीला १३५ गुण लागले. दोघींनाही ९५ पर्सेंटाइल. गुण फुगले तरी पर्सेंटाइल फुगत नाही, कारण तो क्रम सांगतो. मात्र त्यामुळेच तो निवडीचे काम करतो, साक्षीचे नाही. सगळ्या राज्याला गणित येईनासे झाले तरी कोणाला तरी ९९ पर्सेंटाइल मिळणारच.

९. काटा कुठे चुकतो

एवढे म्हटल्यावर चाचण्यांवर सगळे सोपवून मोकळे व्हावे, असे कोणाला वाटेल. तिथे मी थांबेन.

पहिली गोष्ट शिकवणीची. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या नीट आणि जेईई परीक्षांसाठी वाशीमची मुले अकोल्याला जातात, काही लातूरला, ऐपत असली तर कोट्याला. खोली, मेस आणि क्लास मिळून होणारा खर्च कोरडवाहू चार एकरांतून निघत नाही. चाचणी सर्वांना एकच असली तरी चाचणीची तयारी विकत मिळत असेल तर काटा एका बाजूने झुकतो. तमिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये नेमके हेच मांडले, की नीट आल्यानंतर ग्रामीण, सरकारी शाळांतल्या आणि तमिळ माध्यमाच्या मुलांचे वैद्यकीय प्रवेशातले प्रमाण घटले. समितीचे सगळे निष्कर्ष मान्य करा किंवा करू नका, तो प्रश्न वाशीमलाही लागू आहे. नीट मराठीतून देता येते, पण तिच्या तयारीची चांगली शिकवणी मराठीतून क्वचित मिळते.

दुसरी, एका परीक्षेवर सगळे अवलंबून असले की ती फोडण्याची किंमत वाढते. ५ मे २०२४ च्या नीटमध्ये आधी ६७ मुलांना ७२० पैकी ७२० पडले. वाढीव गुण रद्द होऊन, काहींची फेरपरीक्षा होऊन आणि भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचे उत्तर बदलून सुधारित निकालात ते १७ उरले. पाटणा आणि हजारीबागमध्ये पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले, फक्त सगळी परीक्षा रद्द केली नाही. देशाचा काटा असला म्हणून तो आपोआप खरा होत नाही.

तिसरी मला सर्वांत जास्त सलते. निवड चाचणीचे वजन वाढले की शाळेचे घटते. बारावीचे गुण प्रवेशात धरायचेच नाहीत म्हटल्यावर मुले कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालतात आणि दोन वर्षे वर्गात पाऊल ठेवत नाहीत. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यांवर धूळ बसते, मराठीचा तास रिकामा जातो. पर्यायी प्रश्नांत न मावणारे सगळे शिकणे, स्वतःच्या शब्दांत मुद्दा मांडणे, प्रयोग फसला तर का फसला ते शोधणे, हे बिनकामाचे ठरते.

१०. ज्यात कोणीच पास-नापास होत नाही

चाचणीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो सर्वांत कमी बोलला जातो. मुलाला नव्हे, व्यवस्थेला तपासणे.

मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून हेच करते. जिल्ह्यातली तीस गावे, प्रत्येक गावातली वीस घरे. कार्यकर्ता अंगणात बसून मुलापुढे कागद धरतो. आधी अक्षरे, मग शब्द, मग पहिलीचा परिच्छेद, मग दुसरीची गोष्ट. गणितात हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग. त्यातून मुलाला काही मिळत नाही आणि काही जातही नाही, म्हणून कोणाला खोटे बोलायचे कारण नसते. २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळेतल्या पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण ३८.५ टक्के होते, म्हणजे सुधारणा आहे. पण निम्म्याहून अधिक मुलांना जे वाचता येत नव्हते, ते त्यांच्या प्रगतिपुस्तकातल्या श्रेणींवरून त्यांच्या आईवडिलांना कळले असेल का?

राज्यातही ‘स्टार्स’ या शालेय शिक्षणाच्या प्रकल्पात २०२३ पासून तिसरी ते आठवीसाठी नियतकालिक चाचण्या सुरू झाल्या. आकांक्षित जिल्ह्यांच्या क्रमवारीतही तिसरी, पाचवी आणि आठवीच्या भाषा-गणिताचे निष्कर्ष धरले जातात. इथे जपायला हवे. ज्या आकड्यावर जिल्ह्याचा क्रम किंवा शाळेचा मान ठरतो, तो आकडा वर न्यायचा मोह जिल्ह्यालाही होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात हेच मांडले होते, की एखाद्या मापावर जितके मोठे निर्णय लटकतात तितके ते माप बिघडते. व्यवस्था तपासणारी चाचणी उपयोगी ठेवायची तर तिच्यावर बक्षीस आणि शिक्षा कमीत कमी लटकवावी, आणि ती त्याच शाळेच्या शिक्षकांकडून घेऊन तपासून घेऊ नये.

वाशीमपुरते बोलायचे तर माझी एक मागणी आहे आणि तिला नवा पैसा लागत नाही. प्रत्येक शाळेच्या दहावीच्या अंतर्गत गुणांची सरासरी आणि लेखी गुणांची सरासरी दरवर्षी शेजारी-शेजारी जाहीर व्हावी. समजा एका शाळेत अंतर्गत सरासरी २० पैकी १८.५ आहे, म्हणजे ९२.५ टक्के, आणि लेखी सरासरी ८० पैकी ३० आहे, म्हणजे ३७.५. दुसऱ्या शाळेत अंतर्गत १४ आणि लेखी ४८, म्हणजे ७० आणि ६०. आज पहिल्या शाळेच्या फलकावरही ‘उत्कृष्ट निकालाची परंपरा’ लिहिलेले असते आणि दोन्ही शाळांच्या मुलांच्या गुणपत्रिका एकाच गठ्ठ्यात पडतात. हे आकडे समोर आले तर पहिल्या शाळेतल्या पालकांना शाळा समितीच्या बैठकीत विचारायला एक नेमका प्रश्न मिळेल, आणि कमी गुण देऊन मुलांना खरे शिकवणाऱ्या दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांना, कदाचित पहिल्यांदाच, आपल्या बाजूने काही दाखवता येईल.